फाटकाची किल्ली कोणाकडे?

वाचकांचे प्रश्न : मैदान आणि आरोग्य

स्पर्धांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मैदानावरच्या वैद्यकीय तयारीविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच विचारणा होती : प्रथमोपचाराच्या पेटीत काय ठेवावे? पेटीचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी घेतला आहे. खेळाडू कोसळल्यावर कोणी काय करायचे हे बहुतेक मैदानांवर ठरलेलेच नसते, पहिली तीन-चार मिनिटे त्या गोंधळात निघून जातात, आणि पेटी कितीही भरलेली असली तरी ती मिनिटे परत मिळत नाहीत.

प्रश्न : आमचे मंडळ दरवर्षी तालुक्याच्या गावी तीन रात्रींची कबड्डी स्पर्धा भरवते. अंतिम रात्री रुग्णवाहिका उभी असते. आधीच्या दोन रात्री ती परवडत नाही. गावातील एक डॉक्टर ‘बोलावले तर येतो’ असे म्हणाले आहेत. एवढी व्यवस्था पुरेशी आहे का? (मंडळाचे सचिव, सांगली जिल्हा)

उत्तर : पुरेशी नाही, आणि रुग्णवाहिका उभी करण्याची रात्रही आपण चुकीची निवडली आहे. पहिल्या दोन रात्री सामने जास्त असतात, दोन-तीन मैदानांवर एकाच वेळी खेळ चालतो, संघ नवखे असतात आणि पंच थकलेले असतात. अंतिम रात्री उरलेले चार संघ सगळ्यांत तयारीचे असतात. त्या रात्री पाहुणे येतात म्हणून गाडी उभी राहते, हे आपल्यालाही ठाऊक आहे आणि मलाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्रीच्या स्पर्धेला मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. एका चढाईत चढाईपटूवर चार-पाच जण पडले आणि ढीग मोकळा झाल्यावर तो उठला नाही. घोट्याच्या वर त्याचा पाय आडवा वळलेला दिसत होता. १०८ क्रमांकाला फोन लगेच गेला, गाडीही अपेक्षेपेक्षा लवकर आली. परंतु शाळेच्या मुख्य फाटकासमोर प्रेक्षकांच्या मोटारसायकली तीन रांगांत लावलेल्या होत्या आणि मागच्या फाटकाला कुलूप होते. किल्ली शिपायाकडे होती, आणि शिपाई गर्दीत कुठेतरी सामना पाहत बसला होता. ध्वनिक्षेपकावरून त्याच्या नावाचा तीनदा पुकारा झाला. शेवटी पोरांनी वर्गातले लांब बाक आणले, खेळाडूला त्यावर निजवले आणि मोटारसायकलींच्या डोक्यावरून, हातोहात, रस्त्यापर्यंत नेले. पाय मोडला होता म्हणून तेवढा उशीर चालून गेला. श्वास थांबलेल्या माणसाला तो चालला नसता.

मोठ्या मैदानांवर असे होत नाही, असे मात्र समजू नये. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनी क्रिकेट मैदानावर ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज याच्या मानेवर उसळता चेंडू आदळला आणि दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. मानेतील रक्तवाहिनीला झालेली इजा इतकी गंभीर होती की कोणत्याही उपचाराने तो वाचला नसता, असा निष्कर्ष न्यायिक चौकशीत निघाला. त्याच चौकशीत हेही नोंदले गेले की रुग्णवाहिकेला फोन जाण्यास सहा मिनिटांहून अधिक वेळ लागला होता आणि फोन करणाऱ्याला खेळाडूची अवस्था पुरेशी ठाऊक नव्हती, त्यामुळे प्रसंग किती तातडीचा आहे याचा अंदाज पलीकडच्या माणसाला आला नाही. जगातील एका नामवंत मैदानावर फोन कोणी करायचा हे ठरलेले नसेल, तर आपल्या गावातही ते आपोआप ठरणार नाही.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे एक कागद. त्यावर नुसती कामे लिहू नयेत, माणसांची नावे लिहावीत आणि प्रत्येक नावापुढे काम. खेळाडूजवळ जाऊन निर्णय घेणारा एक. तो पंच नसावा, कारण पंचाला सामना थांबवून दोन्ही संघांना आवरायचे असते. १०८ ला फोन करणारा एक. हमरस्त्यावर बॅटरी घेऊन उभा राहणारा आणि गाडीच्या पुढे दुचाकी चालवत तिला आत आणणारा एक. फाटकाची किल्ली खिशात घेऊन फाटकापाशीच बसणारा एक. त्याला सामना पाहायला मिळणार नाही, म्हणून दर दोन तासांनी माणूस बदलावा, पण किल्ली हातातून हातात जावी, खुंटीवर टांगली जाऊ नये. गर्दी मागे हटवणारे चार जण. ज्या फाटकातून गाडी येणार त्यासमोर दुपारपासूनच दोरी बांधून ठेवावी, म्हणजे संध्याकाळी मोटारसायकली हलवण्याची वेळ येणार नाही.

फोनवर काय सांगायचे तेही आधी लिहून ठेवावे. घाबरलेला माणूस ‘लवकर गाडी पाठवा, पोरगा पडलाय’ एवढेच म्हणतो. त्याऐवजी त्याच्या हातातील चिठ्ठीवर असावे : ‘बावीस वर्षांचा खेळाडू, बेशुद्ध आहे, श्वास नाही, छाती दाबणे सुरू आहे, अमुक गाव, बाजार समितीच्या मागील शाळेचे मैदान, उत्तरेकडील फाटक, रस्त्यावर बॅटरी घेऊन माणूस उभा आहे.’ वय आणि अवस्था आयत्या वेळी बदलायची, पत्ता छापील असावा. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो, परंतु ती गाडी त्या क्षणी दुसऱ्या कोणाच्या तरी दारात असू शकते, हे गृहीत धरूनच आखणी करावी. शक्य असेल तर पहिल्या दोन रात्रींसाठीही खाजगी गाडी ठेवावी. तिसऱ्या क्रमांकाच्या चषकाची उंची वीतभर कमी केली तर त्यातले थोडे पैसे निघतील.

आपल्या डॉक्टरांना ‘बोलावले तर येतो’ यावर सोडू नका. कोणत्या रात्री किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत ते मैदानावर बसतील आणि ते नसताना कोण असेल, हे कागदावर यावे. तसेच ‘जवळचे रुग्णालय’ आणि ‘योग्य रुग्णालय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोक्याला मार लागलेला खेळाडू रात्री अकरा वाजता अशा ठिकाणी नेला, जिथे सीटी स्कॅन नाही, तर तिथून पुढे पाठवण्यात आणखी तासभर जातो. त्या दिवशी दुपारीच दोन-तीन रुग्णालयांना फोन करून रात्री स्कॅन होते का आणि शल्यचिकित्सक उपलब्ध आहेत का, हे विचारून ठेवावे.

आणि हे सारे एकदा करून पाहावे. २ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेत सिनसिनाटी येथे डामार हॅम्लिन हा तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमधील खेळाडू छातीवर आघात होऊन कोसळला, त्याचे हृदय थांबले आणि मैदानावरच ते पुन्हा सुरू करण्यात आले. त्या स्पर्धेत प्रत्येक सामन्याच्या तासभर आधी दोन्ही संघांचे डॉक्टर, पंच आणि आपत्कालीन पथक एकत्र येऊन गाडी कुठे आहे, कोणत्या रुग्णालयात न्यायचे आणि इशाऱ्याची खूण कोणती, हे बोलून घेतात. आपल्याकडे एवढी माणसे नसतात, परंतु स्पर्धेच्या आदल्या दिवशी एका पोराला मैदानाच्या मध्यभागी निजवून घड्याळ लावायला काही लागत नाही. पहिल्याच तालमीत किल्लीचा प्रश्न निघतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आंतरशालेय सामन्यात आमचा एक विद्यार्थी कोणाचाही धक्का न लागता कोसळला. मुलांनी त्याला चप्पल हुंगवली, तोंडावर पाणी मारले. तो भोवळ येऊन पडला होता, उठून बसला. खरोखरच हृदय बंद पडले असते तर मी कसे ओळखले असते? आणि छाती दाबताना माझ्या हातून काही चुकले तर जबाबदारी माझ्यावर येईल का? (क्रीडाशिक्षक, नाशिक)

उत्तर : धावता धावता, कोणी स्पर्श केलेला नसताना खेळाडू कोसळला, तर अन्य काही सिद्ध होईपर्यंत त्याचे हृदय थांबले आहे असेच मानावे. खांद्यावर थाप मारून मोठ्याने हाक मारावी आणि दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ न घालवता छाती वरखाली होते का ते पाहावे. प्रतिसाद नाही आणि नेहमीसारखा श्वास नाही, एवढे दोन पुरावे पुरेत. नाडी शोधत बसू नये; सराव नसलेल्या माणसाला घाबरलेल्या अवस्थेत स्वतःच्याच बोटातली नाडी लागते.

इथे दोन गोष्टी हमखास फसवतात. हृदय थांबल्यावर पहिल्या काही क्षणांत हातपायांना झटके येतात, आणि आपल्याकडे झटका दिसला की फिट आली असे ठरवून कांदा किंवा चप्पल नाकाला लावली जाते, मुठीत चाव्या दिल्या जातात. दुसरी गोष्ट म्हणजे अधूनमधून येणारे आचके. मासा पाण्याबाहेर काढल्यावर जसा तोंड उघडतो तसे तोंड उघडते, घशातून घरघर येते, आणि भोवतालचे लोक ‘श्वास चालू आहे’ असे म्हणून थांबतात. तो श्वास नव्हे. ते थांबलेल्या हृदयाचे लक्षण आहे.

अशा वेळी खेळाडूला उताणे करून, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावे, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. मिनिटाला शंभर ते एकशेवीस हा वेग लेझमीच्या सरावात वाढलेल्या मुलांना शिकवावा लागत नाही. ज्याला तोंडाने श्वास देण्याचे शिक्षण मिळाले आहे त्याने तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत, बाकीच्यांनी न थांबता दाबत राहावे. दोन मिनिटांत हात थकतात आणि दाब उथळ होतो, पण थकलेल्याला ते जाणवत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा.

छाती दाबल्याने मेंदूला थोडे रक्त मिळत राहते, पण बिघडलेली लय बहुधा विजेच्या धक्क्यानेच पूर्ववत होते. तो धक्का देणारे एईडी हे यंत्र झाकण उघडताच काय करायचे ते बोलून सांगते आणि गरज नसेल तर धक्का देतच नाही. कोणतेच उपाय झाले नाहीत तर प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. यंत्र महाग आहे, एकट्या शाळेला ते जड जाते, परंतु तालुक्यातील चार-पाच शाळा आणि क्रीडासंकुल मिळून एक यंत्र घेता येते. घेतल्यास ते मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवू नये. त्याची बॅटरी आणि चिकटपट्ट्या यांना मुदत असते, तीही कोणीतरी पाहावी.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे युरोपीय फुटबॉल स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन फिनलंडविरुद्धच्या सामन्यात पूर्वार्ध संपण्याच्या सुमारास असाच कोसळला. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडे केले, डॉक्टरांनी छाती दाबण्यास सुरुवात केली, मैदानावरच विजेचा धक्का दिला गेला, आणि मैदानाबाहेर नेताना तो शुद्धीवर होता. पुढच्याच वर्षी तो पुन्हा खेळू लागला. त्याच्याविषयी बोलताना मला नेहमी दुसरे एक नाव आठवते. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कांतीरवा मैदानावर फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेंपो संघाचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनिअर मोहन बागानविरुद्ध त्या दिवसातला आपला दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला आणि त्यातून उठला नाही. डेंपोने चषक जिंकला. त्या दिवसाविषयी गोव्यातले जुने फुटबॉलप्रेमी आजही आवाज खाली आणून बोलतात.

आपल्या दुसऱ्या शंकेविषयी : संमती घेणे शक्य नसताना, त्या व्यक्तीच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० ने संरक्षण दिलेले आहे, जुन्या दंड संहितेत हीच तरतूद कलम ९२ मध्ये होती. जखमींना मदत करणाऱ्यांसाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलमाचा पुष्कळ जण दाखला देतात, पण ते रस्त्यावरील अपघातांपुरते आहे. बरगडी मोडण्याची भीती मनातून काढावी. योग्य खोलीने दाबताना बरगडी मोडू शकते, आणि ती नंतर जुळते.

प्रश्न : आमच्या क्लबच्या सामन्यात चेंडू हेल्मेटवर लागलेला फलंदाज ‘मी ठीक आहे’ म्हणून खेळत राहिला आणि त्याने पन्नास धावा केल्या. त्याला बाहेर बोलावले असते तर संघात भांडण झाले असते. कर्णधाराने काय करावे? (क्लब क्रिकेटपटू, पुणे)

उत्तर : बाहेर बोलवावे, आणि भांडण होऊ द्यावे. डोक्याला मार लागलेला खेळाडू आपण ठीक आहोत असे सांगतो, तेव्हा ते सांगणारा मेंदूच मार खाल्लेला असतो.

भारताचे माजी क्रिकेटपटू रमण लांबा यांचे उदाहरण प्रत्येक कर्णधाराला ठाऊक असायला हवे. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यातील एका क्लब सामन्यात ते हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, उभे होते. फलंदाजाने मारलेला चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळून यष्टिरक्षकाकडे उडाला आणि झेल झाला. लांबा उठले आणि चालत तंबूत परतले. त्यानंतर प्रकृती ढासळली, शस्त्रक्रिया झाली, आणि २३ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाबाहेर रक्त साचत असताना माणूस काही काळ शुद्धीत, बोलता-चालता राहू शकतो. त्या काळात तो चेष्टा करतो, पाणी मागतो, पुन्हा उभा राहतो म्हणतो, आणि पाहणाऱ्यांना वाटते की संकट टळले.

सगळ्याच डोक्याच्या दुखापतींत रक्तस्राव होत नाही. बहुतेकदा मेंदूला हादरा बसलेला असतो आणि त्याची लक्षणे उशिरा उमटतात. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर लागल्यानंतर स्टीव्ह स्मिथ तपासणी होऊन त्याच डावात पुन्हा फलंदाजीला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्रास जाणवू लागला आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने असा बदली खेळाडू देण्याचा नियम त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू केला होता. आपल्या क्लब स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत हा नियम नसेल तर तो घालून घ्यावा. बदली खेळाडू मिळत नाही, एक फलंदाज कमी होतो, म्हणूनच तर कर्णधार डोळेझाक करतो. तो फायदा-तोट्याचा हिशेबच नियमाने संपवावा.

मैदानावर खेळाडूला काही साधे प्रश्न विचारता येतात : आपण कोणत्या मैदानावर आहोत, शेवटचा गडी कोण बाद झाला, मागचा सामना कोणाशी होता आणि निकाल काय लागला. एक उत्तर जरी अडखळले तरी त्याचा दिवस संपला. उत्तरे बरोबर आली, पण तो डोके धरून बसला आहे, प्रकाश सहन होत नाही, नेहमीपेक्षा चिडचिड करतो, तरीही संपला. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, झोपेची गुंगी, एका बाजूच्या हातापायात कमजोरी, बोलण्यात अडखळ, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव किंवा झटका, यांपैकी काहीही दिसले तर थेट सीटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठावे. त्या रात्री त्याला खोलीवर एकटे सोडू नये आणि मोटारसायकल चालवत घरी जाऊ देऊ नये. पुण्यात ही दुसरी सूचना पहिलीपेक्षा अधिक वेळा मोडली जाते.

प्रश्न : माझा मुलगा मे महिन्यात फुटबॉल शिबिराला जातो. सकाळी सात ते अकरा सराव चालतो. एका मुलाला चक्कर आली तेव्हा प्रशिक्षकांनी ग्लुकोजचे पाणी देऊन सावलीत बसवले. एवढे पुरेसे असते का? (पालक, चंद्रपूर)

उत्तर : पायात गोळे येणे किंवा घामाने गळून जाणे यांवर सावली आणि मीठ-साखरेचे पाणी हा योग्य उपाय आहे. परंतु मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले, आपल्याच गोलाकडे चेंडू नेऊ लागले, तर तो उष्माघात समजावा. घाम थांबल्याशिवाय उष्माघात होत नाही ही समजूत खेळाडूंच्या बाबतीत चुकीची आहे. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असतानाही तो घामाने निथळत असू शकतो. काखेत लावलेल्या तापमापकावरही इथे विश्वास ठेवू नये, तो कमी तापमान दाखवतो.

अशा वेळी आधी थंड करावे आणि मग न्यावे. गाडीची वाट पाहत बसू नये, गाडी आली म्हणून अर्ध्यावर थांबूही नये. मुलाला गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि त्यासाठी मोठे प्लास्टिकचे टब, गुरांना पाणी पाजायचा हौद किंवा ताडपत्रीला चार जणांनी चार कोपरे धरून केलेली झोळीही चालते. डोके सतत कोणीतरी हातात धरून ठेवावे. तेही जमत नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी अंगभर टाकून त्या सतत बदलाव्यात. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरला तर मूल बहुधा सुखरूप राहते. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नये. तापाची गोळी इथे निरुपयोगी आहे, कारण हा ताप आजाराचा नसून भट्टीचा आहे.

चंद्रपुरात मे महिन्यात अकरापर्यंत सराव ठेवणे मला मान्य नाही. साडेआठला मैदान रिकामे व्हावे, आणि शिबिराचा पहिला आठवडा-दीड आठवडा श्रम हळूहळू वाढवत जावे, म्हणजे शरीर उन्हाला सरावते.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट सांगतो. पूर्व विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक बऱ्याच संख्येने आहेत. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, त्याने खेळू नये असेही नाही, परंतु उन्हात लागोपाठ वेगवान धावा मारायला लावल्यास त्याचे पाय एकाएकी निकामी होऊन तो खाली बसू शकतो. त्याला आळशी म्हणून पुन्हा धावायला लावणे जिवावर बेतू शकते. शिबिराच्या अर्जात रक्तगटाचा रकाना असतो, पण सिकलसेल, दमा, फिट, मधुमेह आणि पालकांचा सकाळी हमखास लागणारा फोन यांचे रकाने नसतात. रक्तगट रुग्णालय स्वतः तपासते; उरलेली माहिती त्याला कोणी दिली नाही तर मिळत नाही.

याच पत्रात वळिवाच्या विजांविषयीही विचारले आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला तर खेळ थांबवून पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. झाडाखाली किंवा मांडवाच्या लोखंडी खांबांपाशी जाऊ नये. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही; त्याला हात लावता येतो, आणि श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला घ्यावी.

प्रश्न : आमचे गोविंदा पथक सात थर लावते. सर्वांचा विमा उतरवलेला आहे. पडलेल्या गोविंदाला उचलून बाजूला नेणारी वेगळी तुकडीही आम्ही केली आहे. आणखी काय करावे? (पथकाचे समन्वयक, ठाणे)

उत्तर : ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, आणि चौदा वर्षांखालील मुलांना थरांत न घेण्याची हमी शासनाने त्याआधीच, २०१७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात दिलेली आहे. तेव्हा खेळ म्हणूनच आपण त्याकडे पाहू. विमा हवाच, परंतु तो पडल्यानंतरचा कागद आहे.

आपल्या ‘उचलणाऱ्या तुकडी’ची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. थर कोसळला की दोघे काखेत हात घालतात, दोघे पाय धरतात आणि मान लोंबकळत ठेवून गोविंदाला गर्दीतून पळवतात. मानेचा मणका मोडलेला पण मज्जारज्जू शाबूत असलेला मुलगा त्या वीस पावलांत कायमचा लुळा होऊ शकतो. त्या तुकडीला आधी न उचलण्याचे शिक्षण द्यावे. एकाने डोक्यापाशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके आहे त्या स्थितीत धरायचे आणि तज्ज्ञ येईपर्यंत सोडायचे नाही. दुसऱ्याने बोलत राहायचे, बोटे हलतात का, पायाला स्पर्श कळतो का ते विचारायचे. बाकीच्यांनी कडे करायचे. कुशीवर वळवावेच लागले, उदाहरणार्थ उलटी होत असेल तर, डोके धरणाऱ्याच्या मोजणीवर चार जणांनी डोके, खांदे आणि कंबर एका ओळीत ठेवून सबंध शरीर एकदम वळवायचे. श्वास थांबला असेल तर मात्र मानेचा विचार मागे पडतो आणि छाती दाबणे आधी येते.

आयोजकांकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात. थर पडला की ध्वनिवर्धक तत्क्षणी बंद करणारा माणूस मंचावर असावा, कारण त्या आवाजात डोके धरणाऱ्याची मोजणी कोणाला ऐकू येत नाही. आणि गल्लीत रुग्णवाहिका ज्या बाजूने येणार त्या बाजूला पथकांचे ट्रक उभे राहू नयेत.

जवळपास महिनाभर चालणारा आपला रात्रीचा सराव याहून अधिक धोक्याचा आहे. सण एक दिवसाचा. सरावात थर शेकडो वेळा लागतात, तेही सोसायटीच्या फरशीवर, दिवसभर नोकरी करून आलेल्या मुलांकडून, आणि तिथे ना गाद्या असतात ना डॉक्टर. गाद्या, डोक्याची टोपरी आणि प्रशिक्षित तुकडी यांची सुरुवात सरावाच्या पहिल्या रात्रीपासून व्हावी.

प्रश्न : प्रथमोपचाराच्या पेटीत नेमके काय असावे? (अनेक वाचक)

उत्तर : कपडे आणि बुटांच्या नाड्या कापता येतील अशी बोथट टोकाची मजबूत कात्री, हातमोजे, भरपूर जाळीपट्ट्या आणि रुंद बँडेज, हाडाला आधार देण्यासाठी दोन-तीन फळ्या, तीन त्रिकोणी पट्ट्या, तोंडाने श्वास देण्याचा मुखवटा, साखर, चालू असलेली बॅटरी. दम्याच्या खेळाडूने आपला पंप घरी ठेवू नये, बाकावर ठेवावा. स्ट्रेचर घ्यावे ते न दुमडणारे, कठीण. बर्फ पेटीत मावत नाही, म्हणून जवळच्या शीतपेयवाल्याशी आधीच बोलून ठेवावे.

वेदनाशामक फवाऱ्याविषयी सर्वांनीच विचारले आहे. त्याने कातडी गार पडते आणि खेळाडू दोन मिनिटे लंगडण्याचे थांबतो, याहून त्याचा उपयोग नाही. घोटा मोडला आहे की मुरगळला आहे हे त्या दोन मिनिटांत झाकले जाते, एवढा तोटा मात्र आहे. पेटीत एक बाटली असली तरी माझी हरकत नाही. परंतु पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला वर सांगितलेला नावांचा कागद चिकटवावा, आणि पेटीला कुलूप लावू नये. एका शाळेत मी पेटी मागितली तेव्हा ती भिंतीतल्या काचेच्या कपाटात नीट लावून ठेवलेली होती, आणि त्या कपाटाची किल्ली सरांच्या मोटारसायकलच्या किल्लीला लावलेली होती.